गेलेल्या यंत्राचा हिशेब

प्रस्तावना

संगणकाला जोडलेले यंत्र चालू कामातून निघून जाते तेव्हा कोणाची परवानगी घेत नाही. केबलला पाय लागतो, सैल पिन निसटते, लाइट जाते, नाहीतर कोणीतरी सरळ ओढून काढते. त्या वेळी ऑपरेटिंग सिस्टिमच्या पोटात त्या यंत्राची कितीतरी कामे अर्धवट असतात. एक प्रोग्राम उत्तराची वाट पाहत झोपलेला असतो, दुसऱ्याने यंत्राकडे पाठवायचा डेटा भरून ठेवलेला असतो, तिसऱ्याच्या हातात त्या यंत्राच्या नोंदीचा पत्ता असतो. हा पसारा निस्तरण्याचे काम डिव्हाइस ड्रायव्हरचे. ते त्याने कसे करावे आणि नीट केले नाही तर काय होते, एवढाच या पुस्तकाचा विषय आहे. ऐकायला छोटा वाटतो, पण गेली तीस वर्षे कर्नल लिहिणारी जाणती माणसे त्यावर वाद घालत आहेत आणि तो वाद अजून मिटलेला नाही.

नव्या वाचकासाठी थोडे मुळापासून सांगतो. कर्नल हा ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. प्रिंटर कसा चालतो, ठशाचे मशीन कसे बोलते, हे त्याला स्वतःला माहीत नसते. प्रत्येक जातीच्या यंत्रासाठी त्याच्यात एकेक ड्रायव्हर बसवलेला असतो. यंत्र जोडले की कर्नल ड्रायव्हरचे ‘प्रोब’ हे फंक्शन चालवतो, यंत्र गेले की ‘रिमूव्ह’; यूएसबीच्या ड्रायव्हरमध्ये त्यालाच ‘डिसकनेक्ट’ म्हणतात. प्रोब लिहायला सगळ्यांना आवडते, कारण त्याच्या शेवटी यंत्र चालू लागते आणि लिहिणाऱ्याला समाधान मिळते. रिमूव्हच्या शेवटी दाखवण्यासारखे काहीच नसते. म्हणून ते सर्वांत शेवटी, घाईत लिहिले जाते आणि सर्वांत कमी तपासले जाते.

ही हयगय कुठे भोवते ते पाहायला प्रयोगशाळेत जायची गरज नाही. किनवट तालुक्यात, सहस्रकुंड धबधब्याजवळ असलेल्या इस्लापूरसारख्या गावातल्या सेवा केंद्राचे टेबल डोळ्यांसमोर आणा. एका लॅपटॉपला हब, हबवर अंगठ्याचे मशीन, वेबकॅम आणि इंटरनेटचे डोंगल, बाजूला प्रिंटर. ग्रामपंचायतीच्या कार्यालयात यात सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी यांच्या डिजिटल सहीच्या टोकनची भर पडते. ही यंत्रे दिवसभर लागतात आणि निघतात. हब अ‍ॅडॉप्टरच्या विजेवर चालणारा असेल तर लाइट गेल्याबरोबर तो बंद पडतो, लॅपटॉप मात्र बॅटरीवर चालूच राहतो. म्हणजे लॅपटॉपच्या दृष्टीने सगळी यंत्रे एका क्षणात उपटली गेली. लाइट आली की ती सगळी पुन्हा हजर. महानगरातल्या कार्यालयात जी घटना महिन्यातून एकदा घडेल, ती इथे एका दुपारी चारदा घडू शकते.

अशा वेळी केंद्रचालकाच्या तोंडी दोन-तीनच वाक्ये असतात. ‘मशीन पकडत नाही.’ ‘यूएसबी काढून लाव.’ आणि शेवटी, ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या.’ रांगेत निराधार योजनेचे पैसे काढायला आलेली आजी असते. ठसा घेण्याआधीच मशीन निसटले तर व्यवहार सुरूच होत नाही, पैसे कुठे जात नाहीत. पण ‘यंत्र गेले’ हे ड्रायव्हरने वरच्या प्रोग्रामला सांगितलेच नाही, तर पडद्यावरचे चक्र फिरत राहते. बोट उमटले नाही, सर्व्हर बोलला नाही, मशीन निसटले, या तीन निरनिराळ्या गोष्टी. समोर बसलेल्याला तिन्ही सारख्याच दिसतात. त्यांतली कोणती घडली हे खात्रीने माहीत असण्याची शक्यता ज्याला आहे, तो ड्रायव्हरच गप्प बसलेला असतो. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले, तेव्हापासून ठसे आणि बुबुळे टिपणारी ही जोडयंत्रे महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत रोजच्या जगण्याचा भाग झाली आहेत. त्यांच्या निघून जाण्याला अपवाद समजणे आता परवडणारे नाही.

आता तो एक क्षण जवळून पाहू. नेहमीच्या चपट्या यूएसबी पिनेच्या आत चार पट्ट्या असतात. कडेच्या दोन विजेच्या, त्या लांब. मधल्या दोन डेटाच्या, त्या आखूड. त्यामुळे पिन घालताना आधी वीज जोडली जाते आणि काढताना आधी डेटा तुटतो. १९९६ साली यूएसबीचे पहिले मानक आले, तेव्हा विद्युत बाजू आखणाऱ्यांनी काढण्याचा विचार असा धातूतच घडवून ठेवला. सॉफ्टवेअरच्या बाजूला एवढी सोय नाही. पिन निघाली हे आधी हबला कळते, आणि संगणक हबला ठरावीक अंतराने विचारतो तेव्हा ते वर पोहोचते. मधल्या अवधीत यंत्र गेलेले असते, पण ड्रायव्हरला पत्ता नसतो. त्याने पाठवलेल्या विनंत्या बिघाडाचे कोड घेऊन परततात. केबलमध्ये खरखर असली तरी असेच कोड येतात, म्हणून तो पुन्हा पाठवतो. कितीदा पाठवायचे याची मर्यादा लिहिणाऱ्याने घातली नसेल, तर संगणक नसलेल्या यंत्राशी बोलण्यात गुंतून पडतो.

एवढ्यात डिसकनेक्टची हाक येते. त्याच वेळी एक थ्रेड वाचनाच्या विनंतीत झोपलेला आहे, दुसरा फाइल उघडतो आहे, तिसरा बंद करतो आहे. डिसकनेक्टने आपल्यापुरता विचार करून यंत्राच्या नोंदीची मेमरी मोकळी केली, की झोपलेला थ्रेड जागा होऊन त्याच जुन्या पत्त्यावर हात घालतो. ती जागा तोवर दुसऱ्याला दिली गेलेली असू शकते. नशीब चांगले असेल तर संगणक तिथेच कोसळतो आणि दोष सापडतो. नसेल तर भलत्याच कोणाचा डेटा बिघडतो, आणि तासाभराने काहीतरी असंबद्ध बंद पडते. जाणूनबुजून हल्ला करणाऱ्याला हाच दोष कर्नलमध्ये शिरायचा मार्ग ठरतो.

यावरचा विचार समजायला सातबाऱ्याचे उदाहरण पुरेसे आहे. खातेदार वारला म्हणून तलाठी त्याचे पान फाडून टाकत नाही. वारसांची नोंद आणि फेरफार होईपर्यंत ते नाव राहते, कारण त्या नावावर इतरांचे हक्क आणि बोजे टेकलेले असतात. यंत्राचेही तसेच. धातूचे यंत्र आणि कर्नलमधली त्याची नोंद यांची आयुष्ये वेगवेगळी आहेत. पहिले कधी संपेल ते आपल्या हाती नाही. दुसरे कधी संपावे हे मात्र आपणच ठरवायचे असते. यंत्र गेल्यावर ड्रायव्हरने आधी नव्याने येणाऱ्यांना मज्जाव करावा, वाटेतल्या विनंत्या रद्द कराव्यात, झोपलेल्यांना उठवून ‘यंत्र नाही’ असा स्पष्ट कोड द्यावा, स्वतः यंत्राला पुन्हा हात लावू नये, आणि शेवटच्या वापरकर्त्याने फाइल बंद केल्यावरच नोंद पुसावी. हा क्रम एका श्वासात सांगून होतो. दोन-तीन प्रोसेसरवर एकाच वेळी चालणाऱ्या कोडमध्ये तो पाळणे हे खरे कसब आहे.

विषयाचा इतिहास मोठ्या यंत्रांपासून सुरू होतो. टँडेम कंपनीने १९७६ मध्ये कधीही बंद न पडणारा संगणक बाजारात आणला. त्याचे सुटे भाग चालू यंत्रातच बदलता येत. सन कंपनीच्या १९९७ च्या एंटरप्राइझ १०००० सर्व्हरमधून आख्खे बोर्ड कामात खंड न पाडता काढता येत. पण तिथे काढणे हा विधी होता. प्रशिक्षित माणूस आधी आज्ञा देई, यंत्र हिरवा कंदील दाखवी, मग हात लागे. हा विधी मोडला तो लॅपटॉपने. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या पीसीएमसीआयए या संघटनेच्या मानकाची चपटी कार्डे कोणीही, केव्हाही बाहेर खेचू शके. लिनक्समध्ये त्यांची व्यवस्था डेव्हिड हाइंड्स यांनी लावली. मग यूएसबी आले आणि आज्ञा देणारा प्रशिक्षित माणूस चित्रातून गेलाच. एप्रिल १९९८ मध्ये शिकागोच्या कॉमडेक्स प्रदर्शनात बिल गेट्स यांच्यासमोर विंडोज ९८ ला स्कॅनर जोडला आणि पडदा निळा झाला, हे अनेकांनी पाहिले. ती फजिती जोडण्याची होती. काढण्याच्या फजित्या व्यासपीठावर होत नाहीत, म्हणून त्यांची चर्चाही होत नाही.

विंडोज २००० ने यंत्र अचानक गेल्याचा वेगळा संदेश ड्रायव्हरला द्यायला सुरुवात केली. लिनक्सची २.४ ही आवृत्ती जानेवारी २००१ मध्ये यूएसबी घेऊन आली, तरी प्रत्येक बसची, म्हणजे यंत्रे जोडण्याच्या मार्गाची, पद्धत निराळी होती. पॅट्रिक मोशेल यांनी आखलेले एकसंध ड्रायव्हर मॉडेल डिसेंबर २००३ च्या २.६ मध्ये स्थिरावले. प्रत्येक नोंद किती जण वापरत आहेत हे मोजणारी साधी रचना ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी पुढच्याच वर्षी रूढ केली. त्याच काळात लॉक न घेता वाचणाऱ्याला सुखरूप बाहेर पडू देणारी आरसीयू ही पद्धत लिनक्समध्ये आली. तिच्यामागे पॉल मॅकेनी यांच्याबरोबर आयबीएमच्या भारतातल्या केंद्रातले दीपंकर सर्मा होते. वाचणारा मध्येच झोपला तरी चालेल असा तिचा एक प्रकार नंतर निघाला, आणि आज ग्राफिक्स ड्रायव्हर यंत्र गेल्यानंतरची आवराआवर त्याच्याच आधाराने करतात.

या सगळ्यांतून जी घराणी तयार झाली, ती मी एकाच प्रश्नावर वेगळी करतो: यंत्र गेल्यावर कोणी कोणासाठी थांबायचे?

पहिले घराणे म्हणते, काढणाऱ्याने थांबावे. विंडोज आधी ड्रायव्हरला विचारते की काढू का, आणि ड्रायव्हर नकार देऊ शकतो. सोलारिस आणि फ्रीबीएसडी यांच्यातही ‘काम चालू आहे’ असे उत्तर देता येते. यंत्र खरोखरच गेले असेल तरी विंडोजचा ‘रिमूव्ह लॉक’ आत असलेल्यांची मोजदाद ठेवतो आणि शेवटचा बाहेर पडेपर्यंत आवराआवर रोखतो. या पद्धतीत लिहायचा राहिलेला डेटा आधी लिहून घेता येतो, हा मोठा लाभ. धोका असा की आतला एखादा कधी बाहेर पडलाच नाही, तर काढणाराही अडकतो. शिवाय माणसे विचारत नाहीत, हे शेवटी मायक्रोसॉफ्टनेही मानले. २०१८ मधल्या विंडोज १० च्या १८०९ या आवृत्तीपासून पेन ड्राइव्हसारख्या यंत्रांसाठी झटपट काढता येण्याची पद्धत मूळ निवड म्हणून आली. लिहिण्याचा वेग थोडा घटला तरी चालेल, पण लिहिलेले लगेच यंत्रात पोहोचू दे, असा तो सौदा आहे.

दुसरे घराणे म्हणते, कोणीच थांबू नये. लिनक्सचा कल इकडे आहे. काढणारा आपले काम उरकून निघून जातो, नोंद मागे राहते, शेवटचा वापरकर्ता ती पुसतो. इथे ड्रायव्हरला नकाराचा अधिकार नाही. गंमत अशी की रिमूव्ह फंक्शनला अनेक वर्षे चूक-कोड परत देता येत असे आणि कर्नल त्याकडे लक्षच देत नसे. काहींना वाटे की कोड परत दिला म्हणजे काढणे थांबले. ते आवराआवर अर्धवट सोडत आणि मेमरी गळत राही. ऊवे क्लाइने-क्योनिग यांनी हे चिकाटीने निस्तरले. २०२१ च्या ५.१५ आवृत्तीत बसच्या पातळीवर रिमूव्हचे परतीचे मूल्य काढून टाकले गेले, आणि शेकडो ड्रायव्हर एकेक करून त्याच वाटेने नेले गेले. ‘नाही’ म्हणता येत नाही, ही गोष्ट आता फंक्शनच्या रूपातच दिसते.

तिसरे घराणे म्हणते, वापरणाऱ्याचा हक्कच काढून घ्यावा. यंत्रापर्यंत जाणारा रस्ता ड्रायव्हरला कायमचा द्यायचा नाही. प्रत्येक वेळी थोडक्यापुरता उघडायचा, आणि यंत्र गेले की तो पुन्हा उघडणार नाही. या विचाराला बळ मिळाले ते एका सोयीच्या गैरसमजातून. २००७ मध्ये तेजुन हो यांनी आणलेल्या सोयीमुळे ड्रायव्हरने घेतलेली साधने आपोआप परत होऊ लागली, आणि हजारो ओळी वाचल्या. पण ती परत होतात ड्रायव्हर यंत्रापासून सुटताच. फाइल उघडून बसलेला प्रोग्राम तेव्हाही आत असतो. वापरकर्त्यांना लागणारी नोंदच या सोयीत ठेवली, की वर सांगितलेला दोष आपल्या हातानेच घडतो. लॉरां पिंशार यांनी २०२२ मध्ये हा मुद्दा लिनक्स विकासकांच्या परिषदेत ठणकावून मांडला. डिसेंबर २०२२ च्या ६.१ आवृत्तीपासून लिनक्समध्ये शिरलेली रस्ट ही भाषा इथे उपयोगी पडते. यंत्र आहे का हे तपासल्याशिवाय त्याला हात लावणारा कोड कंपाइलच होऊ नये, अशी रचना तिच्यात करता येते. रस्टने सगळे प्रश्न सुटतील असे मी म्हणणार नाही. थांबावे कोणी हा निर्णय भाषा घेत नाही, ती फक्त घेतलेला निर्णय पाळायला लावते.

हा विषय आजच निकडीचा का? पहिले कारण, पीसीआय एक्सप्रेस ही संगणकाच्या आतली बस आता बाहेर आली आहे. २०११ च्या थंडरबोल्टने ती केबलवर आणली, आणि डेटा सेंटरमधल्या एनव्हीएमई डिस्क चालू सर्व्हरमधून ओढल्या जातात. इथे यूएसबीसारखा बिघाडाचा कोडही प्रत्येक वेळी हाती येत नाही. गेलेल्या यंत्राचे रजिस्टर वाचले की सहसा बत्तीसच्या बत्तीस बिट १ मिळतात. ‘काम चालू’ हा बिट ० होण्याची वाट पाहणारा लूप मग संपतच नाही. दुसरे कारण सुरक्षेचे. सिझकॉलरसारखी साधने बनावट यूएसबी यंत्रे कर्नलला जोडतात आणि तोडतात. आंद्रेई कोनोवालोव्ह यांनी त्या मार्गाने ड्रायव्हरमधले दोष मोठ्या संख्येने उजेडात आणले. तिसरे कारण आपल्या अंगणातले. पेन्शन, शिधा, बँक, ग्रामपंचायतीची देयके यांच्या वाटेवर आज एकेक केबल आहे, आणि त्या केबलच्या टोकाला आपले काम सोडून तासन्‌तास बसलेला माणूस आहे.

या विषयावरची चांगली पुस्तके इंग्रजीत आहेत. कॉर्बेट, रुबिनी आणि क्रोआ-हार्टमन यांच्या लिनक्स ड्रायव्हरवरच्या ग्रंथाची तिसरी आवृत्ती २००५ ची. श्रीकृष्णन वेंकटेश्वरन यांचा ग्रंथ २००८ चा. दोन्ही आजही वाचावेत असे आहेत. पण त्यांच्यानंतर नियम बरेच बदलले, आणि काढण्याचा प्रश्न केंद्रस्थानी ठेवून लिहिणे हा त्यांचा हेतूही नव्हता. प्रस्तुत पुस्तक ती दिशा धरते. ते प्रोबपासून सुरू न होता रिमूव्हपासून सुरू होते आणि प्रत्येक रचना यंत्र गेल्यावर कशी दिसेल या बाजूने तपासते. मुख्य भूमी लिनक्सची, भाषा सी, आणि जिथे फरक कळावा तिथे विंडोज, फ्रीबीएसडी आणि रस्ट. सी, पॉइंटर आणि थ्रेड यांची ओळख वाचकाला असावी, एवढीच अपेक्षा आहे. फाइल सिस्टिमच्या थरावर यंत्र गेल्याने होणाऱ्या नुकसानीला लेखकाने थोडक्यात आटोपले आहे. तो स्वतंत्र पुस्तकाचा विषय आहे हे मान्य, तरी आणखी थोडी जागा मिळायला हवी होती.

एक गोष्ट मला विशेष मोलाची वाटली, कारण ती आपल्या महाविद्यालयांतल्या शिकवण्याशी निगडित आहे. नांदेड-लातूरकडचा काय आणि पुण्याचा काय, विद्यार्थी प्रात्यक्षिकात मॉड्यूल चढवतो, उतरवतो, आणि आपण काढण्याची चाचणी केली असे समजतो. पण फाइल उघडी असेल तर नीट लिहिलेले मॉड्यूल कर्नल उतरवूच देत नाही. वापर चालू असल्याचे सांगून आज्ञा परत करतो. म्हणजे ज्या प्रसंगाची भीती आहे तो त्या चाचणीत घडतच नाही. यंत्र ओढले जाते तेव्हा असे कोणी अडवत नाही. लेखकाने हा फरक स्वच्छ दाखवला आहे, आणि हाती यंत्र नसले तरी ड्रायव्हरला यंत्रापासून तोडून तोच प्रसंग कसा उभा करायचा हेही.

म्हणून हे पुस्तक सलग वाचून बाजूला ठेवण्यापेक्षा हातात एखादा ड्रायव्हर घेऊन वाचावे. एका खिडकीत यंत्राची फाइल उघडून वाचन चालू ठेवा, दुसऱ्या खिडकीतून ड्रायव्हर तोडा, मग पहिली फाइल बंद करा आणि कर्नलचा लॉग पाहा. वाचन करणाऱ्याला ‘यंत्र नाही’ असे उत्तर लगेच मिळाले का, आणि नंतर लॉग शांत राहिला का, या दोन प्रश्नांवर ड्रायव्हर पास किंवा नापास ठरतो. ही चाचणी करायला महागडे उपकरण लागत नाही, मोठे शहर लागत नाही. उलट जिथे पिना सैल आहेत आणि लाइट बेभरवशाची आहे, तिथल्या विद्यार्थ्याला तिचे महत्त्व कोणी समजावून सांगावे लागणार नाही. त्याने लिहिलेला ड्रायव्हर दुसऱ्या टोकाच्या माणसाला खरे आणि वेळेवर उत्तर देईल, तर या पुस्तकाचे काम झाले असे मी म्हणेन.